ठेवणीतला गुडघा

आमच्या घरमालकांनी इंग्लंडमध्ये बाथ ते यॉर्क हा प्रवास सायकलवरून निदान शंभर वेळा केला असेल. त्यातल्या बहुतेक वेळी मी त्यांच्या मागे होतो. त्यासाठी आम्हा दोघांनाही कधी सिंगापूर सोडावं लागलं नाही.

मी तेव्हा पुण्याहून नवीनच आलो होतो. एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे कामाचा परवाना, मिळालेला, नोकरी सुरू झालेली, आणि राहायला जागा नाही. कोणाच्या तरी ओळखीने सेम्बावांग भागातल्या एका फ्लॅटमधली एक खोली बघायला गेलो. घरमालक, म्हणजे काका, दारातच उभे होते. नोकरी कुठे, गाव कोणतं, मांसाहार चालतो का, यातलं त्यांनी काही विचारलं नाही. मला चप्पल काढायला लावून भिंतीला पाठ टेकवून उभं केलं आणि डोक्यावर पट्टी आडवी धरून पेन्सिलीने खूण केली.

"पाच फूट तीन. वजन?"

"अठ्ठावन्न."

"सायकल येते?"

"येते."

"खोली तुझी."

मला वाटलं, पलंग नाजूक असेल. महिन्याभराने कळलं की उंची आणि वजन दोन्ही काकूंच्या जवळपास निघालं म्हणून मला ती खोली मिळाली होती. माझ्या आधी एक सहा फुटी मुलगा येऊन गेला होता. बिचारा सुटला.

काका एका बँकेच्या रिस्क खात्यात होते. काय काय बिघडू शकतं याची यादी करायची आणि वरच्या साहेबाकडे पाठवायची, हे काम त्यांनी तीस वर्षं केलं. निवृत्त झाल्यावर यादी पाठवायला साहेब उरला नाही आणि सवय तर जाईना. मग त्यांनी इंग्लंड शोधून काढलं. एकोणीस दिवस, फक्त गावातले रस्ते, दोन सायकली, एक ते आणि एक काकू. ऐकायला इतकं छान वाटायचं की पहिल्या दिवशी मीसुद्धा फसलो. "कधी जाताय?" असं उत्साहाने विचारलं, तेव्हा स्वयंपाकघरातून काकू हसल्याचं मला आठवतंय. काकांनी माझ्याकडे लहान मुलाकडे बघावं तसं बघितलं.

"तयारी झाली की," ते म्हणाले. "गृहीत काही धरायचं नसतं."

हे त्यांचं ब्रीद होतं. दुसरा लाडका शब्द "समजा". समजा, पूल बंद आहे. समजा, गाय आडवी आली. समजा, चहाचं दुकान आहे पण बाई आजारी आहे. नाश्त्याला बसलेल्या माणसाने पोह्यांचा पहिला घास घ्यायच्या आत इंग्लंडात तीन अपघात झालेले असायचे.

घरात शिरल्यावर पहिल्यांदा काय दिसायचं, तर सोफ्यावरचं प्लास्टिक. दुकानातून आला तेव्हाचं. बसलं की पँट चिकटायची आणि उठताना आवाज व्हायचा. रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत. चांगले टॉवेल कपाटात, वापरायला जुने बनियन. काकूंना त्यांच्या दवाखान्यातल्या मैत्रिणींनी निवृत्तीच्या दिवशी दिलेला कपबश्यांचा सेट खोक्यातच होता. आपल्याकडे बायका एखादी साडी ठेवणीतली म्हणून बाजूला काढतात, लग्नाकार्याला नेसतात, ते मला समजतं. ह्या गृहस्थांनी अख्खा संसार ठेवणीत घातला होता. आणि ज्याच्यासाठी ठेवला तो दिवस कोणता, हे विचारायची सोय नव्हती.

दिवाणखान्याच्या कोपऱ्यात चादरीखाली झाकलेल्या दोन सायकली. काकूंची फिकट निळी, बुटक्या दांड्याची, पुढे वेताची टोपली असलेली. तिची चाकं अजून जमिनीला लागली नव्हती. दर शनिवारी काका चादर काढायचे, हवा तपासायचे, साखळीला तेलाचे दोन थेंब घालायचे आणि पुन्हा चादर. काकू एकदा तिची घंटी वाजवायला गेल्या तर म्हणाले, "अगं, स्प्रिंग सैल पडेल." काकूंनी हात मागे घेतला. हा सैल पडण्याचा नियम त्यांच्या स्वतःच्या जिभेला मात्र लागू नव्हता.

तर अशा माणसाच्या हातात बायकोचा गुडघा सापडला.

मी राहायला येण्याच्या आधीपासूनच काकूंचा उजवा गुडघा दुखत होता; मी आलो त्याच महिन्यात तो दाखवायला नेला. नोव्हेनाला, जिथे त्या इतकी वर्षं रिसेप्शनला बसल्या त्याच भागात, एका डॉक्टरीणबाईंनी फोटो काढून सांगितलं की झीज झाली आहे, ऑपरेशन कधीतरी लागेल, पण नीट सांभाळलं तर दोन वर्षं छान जातील. सायकलची हौस पुरी करायची तर ह्या दोन वर्षांत करा. घरी आल्यावर काकू खूश होत्या. "दोन वर्षं पुष्कळ झाली की," त्या मला म्हणाल्या. "पुढच्या वसंतात जाऊन येऊ." मे महिन्यात तिकडे कुंपणांना पांढरी फुलं येतात, हे त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. ती फुलं बघायची होती त्यांना. दुसरं काही नाही.

काकांनी डॉक्टरांचं म्हणणं वहीत लिहून घेतलं होतं: "दोन वर्षं. सांभाळणे." आणि सांभाळणे ह्या शब्दाचा त्यांना एकच अर्थ माहीत होता. दुसऱ्या दिवसापासून काकूंचा गुडघा ठेवणीत गेला. बाजारातून सामान मी आणायचं. लिफ्ट सगळ्या मजल्यांवर थांबते, तरी खाली कोपऱ्यावरच्या दुकानात जायच्या चार पायऱ्याही नकोत. देवासमोर खाली बसायचं नाही, खुर्चीवर बसायचं. संध्याकाळचं चालणं बंद. सायकल तर नाहीच नाही. "तिथे लागणार आहे तो," काका म्हणायचे. जणू काही गुडघा बाटलीत भरून ठेवलाय आणि इथे चार घोट प्यायले तर यॉर्कपर्यंत पुरणार नाही.

मग तालीम कोण करणार? प्रवास तर तपासून बघायला हवा. काकूंचा वेग, काकूंचं वजन, काकूंची दमछाक, सगळं मोजायला हवं. आता कळलं ना मला खोली का मिळाली ते.

काकूंच्या सायकलसारखीच एक जुनी सायकल त्यांनी तालमीसाठी म्हणून आणली. दर रविवारी सकाळी सात वाजता मी त्या बुटक्या दांड्याच्या सायकलवर, पुढच्या टोपलीत पाच किलो तांदूळ, मागच्या दोन पिशव्यांत पाण्याच्या बाटल्या, आणि अंगात रेनकोट. समजा, पाऊस आला. सिंगापूरला सकाळी सातलाच अंगाला घाम चिकटतो, तिथे मी रेनकोट आणि लोकरीचे हातमोजे घालून इंग्लंडच्या थंडीचा सराव करत होतो. सेम्बावांगची समुद्रकाठची बाग म्हणजे बाथ. यिशुनच्या धरणावरचा बांध, जिथे वारा तोंडावर येतो, ते वाटेतलं कॉट्सवोल्ड. डोंगरांची पंचाईत होती, कारण ह्या बेटावर चढ असा नाहीच. त्यावर काकांनी शोधलेला उपाय म्हणजे आमच्या ब्लॉकशेजारचा बहुमजली कारपार्क. गोल गोल फिरत सातव्या मजल्यापर्यंत जायचं, खाली यायचं, असं सहा वेळा केलं की डर्बीशरचे डोंगर झाले. गाड्यावाले हॉर्न मारायचे. शेवटी पुंगोलचं हॉकर सेंटर, म्हणजे एका छपराखालच्या खाण्याच्या टपऱ्या, हे यॉर्क. यॉर्कला पोचल्यावर आम्ही डोसा खायचो आणि तेह, म्हणजे तिथला दुधाचा चहा, प्यायचो, आणि काका वहीत वेळ लिहायचे.

"हळू," ते मागे वळून ओरडायचे. "तू आत्ता काकू आहेस. काकू एवढ्या जोरात येणार नाही."

मी पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात पदवी घेतली, सात जणांची टीम सांभाळतो, आणि दर रविवारी मी काकू असायचो. आईला फोनवर सांगायची हिंमत झाली नाही.

एकदा यिशुनच्या बांधावर ते अचानक हात वर करून थांबले. "मेंढ्या," म्हणाले. रस्त्यावर मेंढ्या आल्या तर चार मिनिटं जातात, असं त्यांनी कुठूनतरी काढलं होतं. मग आम्ही एक पाय जमिनीवर टेकून चार मिनिटं उभे. शेजारून व्यायामाला निघालेले एक चिनी आजोबा थांबले.

"अंकल, ओके आ? पंक्चर इज इट?"

"नो," काका घड्याळावरची नजर न काढता म्हणाले. "शीप."

आजोबांनी आधी समोर बघितलं, मग मागे बघितलं, मग माझ्या रेनकोटाकडे बघितलं. "ओके लाह," म्हणाले आणि जरा लांबून वळसा घालून गेले. त्यांच्या जागी मी असतो तर पोलिसांना फोन केला असता.

ह्या रविवारांची सुरुवात नेहमी एकाच गोष्टीने व्हायची. काकू पहाटे उठून चटणीचे सँडविच करायच्या, डबा माझ्या हातात द्यायच्या आणि दाराशी उभ्या राहून विचारायच्या, "मी येऊ का आज? बागेपर्यंतच. बाकी तुम्ही जा पुढे."

"अगं, तिथे लागणार आहे," काका बुटाची नाडी बांधता बांधता म्हणायचे.

आणि मी म्हणायचो, "काकू, उन्हात कशाला उगाच?" मला तेव्हा वाटायचं, एकाला पुरे नाही का हा ताप. मी चांगुलपणाने म्हणायचो, असं मी स्वतःला समजावलेलं होतं. खरं म्हणजे मला लवकर निघून लवकर सुटायचं असायचं. काकू "बरं" म्हणून दार लावून घ्यायच्या.

मे आला आणि गेला. त्या वर्षी कारण वाऱ्याचं निघालं. सगळी आखणी झाल्यावर काकांच्या लक्षात आलं की तिकडचा वारा बहुतेक करून नैर्ऋत्येकडून येतो. म्हणजे बाथहून यॉर्कला जाताना तो पाठीवरच राहणार. कोणाही शहाण्या माणसाला आनंद झाला असता. ह्यांना शंका आली. "समजा, त्या वर्षी उलटा वाहिला." मग यॉर्कहून बाथला अशी दुसरी संपूर्ण आखणी, म्हणजे आयत्या वेळी जी दिशा बरी ती घेता येईल. त्यात आठ महिने गेले. दुसऱ्या वर्षी मुक्कामाची एक खानावळ बंद पडली. एका गावातली एक. ती एका रात्रीपुरती होती, तिच्या दोन मैल अलीकडे दुसरी होती. पण दोन मैलांनी पुढचे सगळे दिवस सरकले, आणि सरकलेल्या दिवशी काकूंना जिथे डर्बीशरचा चढ सकाळी लागायचा तो दुपारी लागायला लागला. दुपारी गुडघा दमलेला असेल. पुन्हा पहिल्यापासून. दुसरा मेसुद्धा गेला. मी काकूंना विचारलं, तर म्हणाल्या, "माझ्यासाठीच करतायत ना सगळं, काय बोलणार?" हे मात्र खरं होतं, आणि त्यामुळेच संताप यायचा. वाईट माणसाशी भांडता येतं. हा माणूस प्रत्येक चढाला बायकोचा गुडघा आठवून थांबत होता.

त्याच सुमारास पुंगोलचं एक तरुण मराठी जोडपं जेवायला आलं. दोघं आयटीतली, पाच वर्षांची मुलगी. गप्पांत सहज निघालं की ती जूनच्या सुट्टीत इंग्लंडला जाऊन सायकलवर फिरून आली. चार दिवस. तिथेच सायकली भाड्याने घेतल्या, मुलीला सायकलच्या मागे जोडलेल्या छोट्या गाडीत बसवलं, पावसात भिजली, रस्ता चुकली, एका शेतकऱ्याच्या गोठ्याशेजारी झोपली. काकूंनी त्यांचा फोन हातात घेतला आणि एकेक फोटो मोठा करून बघायला लागल्या. काका ताठ बसले.

"कुठल्या रस्त्याने गेलात? क्रमांक?"

"नाही आठवत काका. मॅप दाखवेल तसं."

"एकूण चढ किती मीटर?"

नवऱ्याने बायकोकडे बघितलं. मुलगी म्हणाली, "गॉट वन व्हेरी बिग हिल, पापा पुश ओन्ली."

"म्हणजे तुम्ही गेला होतात, असं काही म्हणता येणार नाही," काका म्हणाले आणि ताकाची वाटी पुढे ओढली. वर त्यांना अर्धा तास सांगितलं की ते कुठे कुठे चुकीचे वळले. न गेलेला माणूस जाऊन आलेल्यांना वाट सांगत होता, आणि ती दोघं सभ्य म्हणून मान डोलावत होती. मी ताटाकडे बघत बसलो. काकूंनी फोन परत देताना विचारलं, "कुंपणांना फुलं होती का गं?" मुलीची आई म्हणाली, "जूनमध्ये थोडी होती, मावशी. मेमध्ये खूप असतात म्हणे."

लग्न झाल्यावर मी पुंगोलला राहायला गेलो, तरी रविवार सुटले नाहीत. मी आता यॉर्कमध्येच राहत होतो, त्यामुळे काकांना फार सोयीचं झालं. नाही म्हणायला काय झालं होतं मला, हे बायकोने पुष्कळदा विचारलं. उत्तर असं नव्हतं. पहिल्या वर्षी घरमालक म्हणून भिडेला पडलो, पुढे सवय म्हणून. भिडस्तपणाला मी चांगुलपणा समजत आलो, हा माझा जुना दोष आहे.

तिसऱ्या वर्षी, फेब्रुवारीत, काकूंना खुर्चीतून उठता येईना. हात टेकून, कुशीवर वळून, कसंबसं. पुन्हा नोव्हेना. काकांनी मला बरोबर घेतलं, कारण समजा त्यांचं पेन थांबलं तर दुसऱ्या कोणीतरी टिपणं घ्यायला हवीत. त्याच डॉक्टरीणबाई. त्यांनी काकूंची मांडी दोन्ही हातांनी दाबून बघितली, पाय उचलायला सांगितला. पाय जेमतेम वीतभर उचलला गेला आणि थरथरत खाली आला.

"द मसल इज गॉन," डॉक्टर म्हणाल्या. "यू स्टॉप्ड सायकलिंग?"

"नो नो, डॉक्टर," काका अभिमानाने पुढे झाले. "नॉट स्टॉप्ड. वी नेव्हर स्टार्टेड. वी सेव्ह्ड इट. टोटली. नो स्टेअर्स, नो वॉकिंग, नथिंग."

डॉक्टरांनी खुर्ची काकांकडे वळवली. मग सावकाश, एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या की मी दोन वर्षांपूर्वी सांगितलं होतं, रोज थोडी सायकल चालवा. सपाटीवर, वीस मिनिटं. गुडघ्याला त्यानेच आधार मिळतो. सांभाळा म्हणजे चालता ठेवा. हू टोल्ड हर टु स्टॉप?

काकांनी वही काढली. मागची पानं चाळली. त्या दिवसाचं पान सापडलं, त्यावर दोनच गोष्टी होत्या, दोन वर्षं आणि सांभाळणे. ते पान त्यांनी उलटून बघितलं, मागच्या बाजूला काही आहे का. मागच्या बाजूला खानावळींची यादी होती. काकू म्हणाल्या, "मला आठवतंय त्या म्हणाल्या होत्या ते. मी घरी आल्यावर सांगितलंही होतं." त्या रागावल्या नव्हत्या. मला मात्र त्या क्षणी त्या माणसाच्या हातातली वही घेऊन खिडकीतून फेकून द्यावीशी वाटली. दोन वर्षं एका बाईला खुर्चीत बसवून ठेवलं, आणि कशासाठी, तर तिला दूर न्यायचं म्हणून. मला काकांची कीव आली नाही. पुष्कळ लोक म्हणतात, प्रेमापोटी केलं. असेल. ज्याच्यावर प्रेम आहे त्याचं एक वाक्य पूर्ण ऐकून घेता येत नाही का?

ऑपरेशन मार्चअखेर झालं. तिसऱ्या दिवशी दुपारी भेटायच्या वेळेत मी गेलो, तेव्हा काकू उशांना टेकून बसल्या होत्या, पाय पट्ट्यांत गुंडाळलेला. काका फिजिओथेरपीच्या माणसाला गाठायला गेले होते, प्रश्नांची यादी घेऊन. मी संत्री टेबलावर ठेवली आणि अशा वेळी माणूस जे बोलतो ते बोललो. म्हटलं, "काकू, आता गुडघा नवा कोरा. पुढच्या मेमध्ये इंग्लंड नक्की."

काकूंनी एक संत्रं उचललं, सोलायला घेतलं. साल कुठे तुटू न देता गोल गोल काढत राहिल्या.

"इंग्लंड ह्यांचं रे," त्या म्हणाल्या. "फुलं बघायला आवडली असती, नाही असं नाही. पण मला ह्यांच्याबरोबर सायकलवर जायचं होतं. मला रविवारचं ते सेम्बावांग-पुंगोल पुरलं असतं."

त्यांनी अर्धं संत्रं माझ्या हातावर ठेवलं. मला ते खाता येईना. किती रविवार झाले, हे मी मनात मोजायला लागलो आणि मोजणं सोडून दिलं. त्यातल्या प्रत्येक रविवारी त्या सीटवर मी होतो. त्यांनी विचारलं होतं दर वेळी, दाराशी उभं राहून, आणि काकांच्या आधी कितीदा तरी मीच उत्तर दिलं होतं. इतकी वर्षं मी काकांना हसत आलो, ऑफिसात त्यांच्या नकला करत आलो, आणि त्यांच्या त्या मूर्खपणाला लागणारा दुसरा माणूस मीच होतो.

तेवढ्यात काका आले. चेहरा उजळलेला. हातात छापील कागद होता, त्यावर पेन्सिलीच्या खुणा.

"बारा आठवड्यांनी सायकल चालेल म्हणतोय तो," ते म्हणाले. "म्हणजे ह्या वर्षीचा मोसम गेला. पण हरकत नाही, नव्या गुडघ्याचा वेग वेगळा असणार, आखणी तशीही नव्याने करायलाच हवी." मग माझ्याकडे वळले. "रविवारी मोकळा आहेस ना? सातला निघू."

"नाही," मी म्हटलं.

"मग पुढच्या?"

"पुढच्याही नाही काका. मी आता येणार नाही."

त्यांनी कागद खाली घेतला. ते चिडले नाहीत. गणितात एक आकडा कमी पडावा तसे गोंधळले, आणि अगदी मनापासून मला विचारलं, "अरे, मग काकूंच्या जागी कोण?"

काकू त्यांच्यापासून दोन हातांच्या अंतरावर बसल्या होत्या. उरलेल्या संत्र्याच्या फोडी त्या एकेक करून सुट्या करत होत्या.